प्रकाशाचा पडदा

गेल्या पावसाळ्यात बाबांनी रात्री गाडी चालवणं सोडलं. ‘समोरून दिवा आला की रस्ताच पुसला जातो,’ एवढंच म्हणाले. मी पडलो इंजिनिअर. गाडीला आणखी प्रखर दिवे बसवून मोकळा झालो. तक्रार तशीच राहिली. मग वाचायला घेतलं.

बाबांच्या ‘पुसलं जाण्या’चा हिशेब शंभर वर्षं जुना निघाला. प्रखर दिव्याचा थोडा प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि धुक्यासारखा दृष्टिपटलावर पसरतो. एल. एल. हॉलाडे यांनी १९२६ साली दाखवलं, की दिपण्याचा हा परिणाम नजरेवर ओढलेल्या एका उजळ पडद्याएवढा धरून मोजता येतो. दिवा नजरेच्या रेषेपासून दुप्पट कोनावर गेला, तर पडदा साधारण चौथाई उरतो.

पडदा नसेल तर डोळा काय करू शकतो, ते १९४२ साली कळलं. कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी माणसांना अर्धा तास काळोखात बसवून हिरवट प्रकाशाची क्षणिक चमक दाखवली. दृष्टिपटलात ५ ते १४ प्रकाशकण शोषले गेले, तरी ती दिसत होती!

पण जगात असा काळोख मिळतो कुठे? महायुद्धात जहाज किंवा विमान किती लांबून दिसेल, यावर माणसांचे जीव अवलंबून होते. रिचर्ड ब्लॅकवेल यांनी उजळ-अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ठिपके दाखवून तरुण मुलींकडून लाखो उत्तरं नोंदवून घेतली आणि १९४६ साली निष्कर्ष छापले. भरपूर उजेडात पार्श्वभूमी दुप्पट उजळली, तर ठिपकाही जवळपास दुप्पट प्रखर लागतो. दिवसा चांदणी विझत नाही. तिच्यामागचं आभाळ उजळतं.

त्या मुलींचे डोळे मात्र विशी-पंचविशीचे होते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग गढुळतं, विखुरणं वाढतं आणि त्याच दिव्याचा पडदा दाट होतो. बाबांना उजेड कमी पडत नव्हता, नको तिथला जास्त होत होता. आणि मी त्यावर उपाय म्हणून आणखी उजेड विकत आणला होता, तोही दुसऱ्यांच्या डोळ्यांत जाणारा.

डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात मी गाडीचे जुने दिवे परत बसवले. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं वय मला कुठे ठाऊक होतं?