आउटलुकची मेल फाईल करप्ट झाली? आधी हात थांबवा, मग हे करा

सकाळी ऑफिस उघडलं, कॉम्प्युटर चालू केला, आउटलुकवर क्लिक केलं आणि मेलऐवजी पाटी आली : फाईलमध्ये चुका आढळल्या, फोल्डर उघडता येत नाही. पतसंस्था, दूध संस्था, खत-बियाण्यांची एजन्सी, शेतकरी उत्पादक कंपनी अशा बऱ्याच ठिकाणी अनेक वर्षांची मेल एकाच फाईलमध्ये साठलेली असते. ऑडिटरला पाठवलेले ताळेबंद, बँकेची पत्रं, द्राक्षाच्या कंटेनरचे कागद, लॅबचे रिपोर्ट सगळं त्यातच. या फाईलला पीएसटी म्हणतात. ती बिघडली म्हणजे मेल गेलीच असं नाही. पण घाईत केलेल्या उपायांनी ती खरोखर जाऊ शकते.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

आउटलुक बंद करा आणि पुन्हा पुन्हा उघडून बघू नका. प्रत्येक वेळी ते त्याच दुखऱ्या फाईलवर काहीतरी लिहायचा प्रयत्न करतं. कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला हात जोडा. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर पुढचं काहीच करू नका. मशीन बंद करून जाणकाराकडे न्या, कारण मग दुखणं फाईलचं नाही, डिस्कचं आहे.

आवाज नसेल तर त्या फाईलची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. फाईल कुठे आहे ते कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मेल’ या चिन्हात, ‘डेटा फाईल्स’ बटणावर दिसतं. आउटलुक २०१० पासून ती साधारण डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाईल्स’ फोल्डरमध्ये असते. त्याआधीच्या आवृत्त्या ती लपवलेल्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये ठेवायच्या. म्हणूनच फॉरमॅट मारणारा डेस्कटॉप आणि डी ड्राइव्हची कॉपी घेतो, मेल मात्र राहून जाते.

इथे एक अडचण हमखास येते. पेनड्राइव्हवर जागा भरपूर असते, तरी कॉपी होत नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. त्यातला आधीचा डेटा दुसरीकडे काढून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट पेनड्राइव्हचं करायचं, कॉम्प्युटरचं नाही.

दुरुस्तीचं अवजार तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे

कॉपी झाली की मूळ फाईल बाजूला ठेवा आणि दुरुस्ती कॉपीवर करा. मायक्रोसॉफ्टनं ऑफिससोबतच ‘स्कॅनपीएसटी’ नावाचा छोटा प्रोग्राम दिलेला असतो. स्टार्ट मेनूत तो दिसत नाही, शोधावा लागतो. ऑफिस २०१६ किंवा त्यापुढचं असेल तर बहुतेक वेळा सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाईल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस १६ या रस्त्यानं गेलात की सापडतो. रूट फोल्डर नसेल तर थेट ऑफिस १६ मध्ये बघा. जुन्या आवृत्त्यांत शेवटचा आकडा १५, १४ किंवा १२ असतो.

प्रोग्राम उघडा, ‘ब्राउझ’नं कॉपीवाली फाईल निवडा, ‘स्टार्ट’ दाबा. तपासणी झाल्यावर किती चुका आहेत ते सांगतो. तिथे बॅकअप घेण्याच्या चौकोनात टिक आहे ना हे बघा आणि ‘रिपेअर’ दाबा. मोठ्या फाईलला कित्येक तास लागू शकतात. मध्येच पडदा गोठल्यासारखा वाटतो, पण बंद करू नका. यूपीएसशिवाय हे काम सुरूच करू नका. लाईट जाऊन फाईल बिघडली आणि दुरुस्ती करतानाच पुन्हा लाईट गेली, असं व्हायला नको.

एकदा चालवून थांबू नका. पहिल्या फेरीत न दिसलेल्या चुका दुसरीत सापडतात. चूक शिल्लक नाही असं सांगेपर्यंत तीच फाईल पुन्हा पुन्हा तपासा. मग ती आउटलुकमध्ये उघडा. डाव्या बाजूला ‘लॉस्ट अँड फाउंड’ किंवा ‘रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स’ असं फोल्डर दिसलं तर आधी ते बघा, सुटलेली पत्रं तिथे येऊन पडतात. त्यानंतर नवी पीएसटी फाईल तयार करा आणि चांगली मेल ओढून त्यात टाका. दुरुस्त केलेल्या फाईलवर वर्षभर काम करत राहणं बरं नाही.

फाईलचा आकार शून्य केबी दिसत असेल तर मात्र स्कॅनपीएसटीच्या हातात काही उरत नाही. फाईल ठेवलेल्या फोल्डरवर राईट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा, विंडोजचा बॅकअप चालू असेल तर जुनी प्रत मिळू शकते.

फाईलचं शेपूट बघा : पीएसटी की ओएसटी?

शेवटी ओएसटी असेल तर निम्मी काळजी मिटली. ती सर्व्हरवरच्या मेलची फक्त नक्कल असते. खातं चालू असेल तर आउटलुक बंद करून फाईलचं नाव बदला आणि पुन्हा उघडा, मेल परत उतरते. पण हे करण्याआधी वेबसाईटवर लॉगिन करून मेल खरंच तिथे आहे का ते डोळ्यांनी बघा. फक्त याच कॉम्प्युटरवर बनवलेली फोल्डरं किंवा न गेलेली मेल सर्व्हरवर नसते.

पीएसटी असेल तर बहुतेक खातं पॉप पद्धतीचं असतं. हे पोस्टाच्या पेटीसारखं आहे : पत्रं घरी आणली, पेटी रिकामी. ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ ही टिक नसेल तर मेल उतरवल्यावर सर्व्हरवरून पुसली जाते आणि जगात एकच प्रत उरते, तुमच्या त्या कॉम्प्युटरवर. ही टिक आजच बघून घ्या. आयमॅप पद्धत घेतली तर आणखी चांगलं, त्यात मेल सर्व्हरवरच राहते.

आपण मोबाईलवर जीमेल वापरतो त्यातही मेल गूगलच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे मोबाईल फुटला तरी मेल जात नाही. कॉम्प्युटरवरची फाईल बिघडली तर आधी सचिवांच्या किंवा मॅनेजरच्या मोबाईलमध्ये तेच खातं आहे का विचारा. बऱ्याचदा हवी ती मेल तिथेच निघते. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि फोटो, ड्राइव्ह त्यातच मोजले जातात. डिलीट केलेली मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. दोन वर्षं कुणी हात न लावलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं, तेव्हा संस्थेच्या जुन्या खात्यावर अधूनमधून लॉगिन करत जा.

बिघडते कशामुळे

सगळ्यात मोठं कारण आपल्याकडची लाईट. फाईल लिहिली जात असताना मशीन धाडकन बंद पडलं की मधलं पान अर्धवट राहतं. दुसरं कारण आकार. आउटलुक २००२ पर्यंतच्या फाईलला २ जीबीची मर्यादा होती. २००३ पासून ती २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली. पण गोम अशी की जुन्या काळी बनलेली फाईल नव्या आउटलुकमध्ये तशीच वापरत राहिलात तर तिची मर्यादा २ जीबीच राहते. तिसरं कारण, फाईल दुसऱ्या मशीनवर ठेवून लॅनवरून उघडणं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच याला नको म्हणते.

पैसे देण्याआधी

पैसे घेऊन दुरुस्ती करणारे प्रोग्राम मिळतात आणि काही खरंच चांगले असतात. त्यांच्या फुकटच्या डेमोत आपली मेल दिसली तरच पैसे भरा. फाईल अपलोड करा, फुकट दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या साईटवर मात्र जाऊ नका. त्या फाईलमध्ये सभासदांचे आधार, पॅन, बँक स्टेटमेंट असतात. फोनवरून अनोळखी माणसानं स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

बॅकअप कसा ठेवायचा

आउटलुक पूर्ण बंद करून महिन्यातून एकदा फाईलची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली ठेवू नका. विजेचा झटका किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातात. आणखी एक प्रत दुसऱ्या इमारतीत, अध्यक्षांच्या घरी म्हणा, पण पासवर्ड लावून. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करताना त्या वर्षाची मेल वेगळ्या पीएसटीत काढा, म्हणजे रोजची फाईल छोटी राहील. आणि घेतलेली कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून एखादी जुनी मेल वाचून बघा. उघडली नाही तर त्याच दिवशी पुन्हा कॉपी घ्या, मूळ फाईल अजून चांगली आहे तोवर.