देवराई : श्रद्धा, सात-बारा आणि जंगल

कोकणात उघड्याबोडक्या टेकड्यांमधून जाताना मध्येच एखादा गर्द हिरवा पुंजका दिसतो. बहुधा ती त्या गावाची देवराई असते. ग्रामदैवताच्या नावाने राखलेल्या या रानातील वाळकी काटकीही पूर्वी कोणी उचलत नसे. झाड तोडणे अपरिहार्यच झाले, तर गुरवाकरवी देवाला कौल लावला जाई आणि मानकऱ्यांच्या संमतीवाचून कुऱ्हाड चालत नसे. देवाचा धाक जितका खरा, तितकीच गावकीची बैठकही खरी.

डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची देवराई तोडली जाण्याच्या बेतात असताना तेथील ग्रामस्थांनीच ती वाचवण्यासाठी धाव घेतली. राई गेली तर ओढा आटेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. याच राईत गारंबीचा महावेल होता. सर्पदंश झालेल्या गुरांसाठी तिची साल न्यायला लांबच्या गावांतूनही लोक येत. श्रद्धेला पाण्याची आणि औषधाची अशी जोड होती.

ही जोड सुटली की काय होते, याची उदाहरणेही कोकणातच सापडतात. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी पाठवलेल्या वर्गणीतून देवळांचा जीर्णोद्धार होतो, कौलारू गाभाऱ्याच्या जागी सिमेंटचा सभामंडप उभा राहतो आणि त्यासाठी राईतलीच झाडे पडतात. येथे भक्ती कमी झालेली नसते. तिचे केंद्र तेवढे झाडाकडून इमारतीकडे सरकलेले असते. जमिनीचा प्रश्न वेगळाच. कोठे राई सरकारी, कोठे देवस्थानची, तर कोठे सात-बारावर खासगी नावे चढलेली. खासगी मालकीच्या राईत लाकडाच्या व्यापाऱ्याला गावकीशी बोलण्याची गरज उरत नाही. अर्थात, जुन्या गावकीचाही गौरव बेतानेच करावा. तिथे निर्णय मोजक्या मानकऱ्यांच्या हाती असत, आणि काही रायांत स्त्रियांना आजही मज्जाव आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे परिसरात देवाच्या राईमुळेच रानजायफळाची दलदल टिकली. दलदलीत श्वास घेण्यासाठी या झाडांची मुळे गुडघ्यांसारखी जमिनीवर येतात. पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राईही याच प्रकारची. राज्य शासनाने बांबर्ड्याच्या दलदलीला जैविक वारसा स्थळ घोषित केले. २००२च्या जैवविविधता कायद्यात ही तरतूद आहे. अशा घोषणेमुळे स्थानिकांच्या प्रचलित प्रथांवर निर्बंध येऊ नयेत, असे त्याविषयीचे मार्गदर्शक तत्त्व सांगते.

याच कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करायची असते. पंधरा-सोळा वर्षे हे काम रेंगाळले. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. गुराख्याला, वैदूला किंवा रानभाज्या खुडणाऱ्या बायकांना न विचारता भरलेल्या वहीत झाडांची नावे असतील. कोणती राई कोणी राखली आणि कोणाच्या संमतीने, हे मात्र त्यात नसेल.