माळवदावरून दिसलेला 'स्पुटनिक' नेमका कोणता?

मुखेडकडच्या ऐंशीच्या पुढच्या माणसांशी आभाळाबद्दल बोलत बसा, कधी ना कधी हे वाक्य येतंच: 'आम्ही स्पुटनिक पाहिलाय की, माळवदावर निजलो होतो तेव्हा.' लगेच मान डोलावू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. मौखिक इतिहासात अशी साक्ष तपासता येते, आणि इथे तर तपासायला चक्क सूर्य मदतीला आहे.

स्पुटनिक सुटला 4 ऑक्टोबर 1957 ला. हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन मराठवाड्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तो गोळा अवघा 58 सेंटिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. लोकांनी जगभर पाहिलं ते त्याच्या मागोमाग फिरणारं रॉकेटचं लांबलचक धूड. तेही 1 डिसेंबरला जळून गेलं. म्हणजे संधी दोन महिन्यांचीसुद्धा नाही, आणि तीही थंडीच्या तोंडावर. माळवदावर निजायचे दिवस उन्हाळ्याचे!

मग दिसलं काय? माझा अंदाज: एको. 12 ऑगस्ट 1960 ला अमेरिकेने सोडलेला, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला 30 मीटर व्यासाचा फुगा. काम एवढंच की जमिनीवरून आलेल्या रेडिओलहरी परत खाली पाठवायच्या. तो ठळक ताऱ्यासारखा दिसे आणि 1968 पर्यंत वर होता. 1964 साली त्याहून मोठा एको-2 गेला.

आता सूर्याकडे येऊ. उपग्रह स्वतः उजळत नाही, त्याच्यावर ऊन पडतं. आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन, असं असेल तरच तो दिसतो. जितका उंच, तितका तो पृथ्वीच्या सावलीत उशिरा शिरतो. आजचं अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटरवर आहे. सूर्य मावळल्यावर साधारण दीड तासानंतर ते डोक्यावर येण्याआधीच विझताना दिसतं. पहिला एको सुरुवातीला 1600 किलोमीटरवर होता. त्यामुळे तो अगदी डोक्यावरही सूर्यास्तानंतर अडीच तासांपर्यंत उजळलेला असे. उन्हाळ्यात म्हणजे जेवणं आटोपून अंथरुणं पडेपर्यंत.

म्हणून मी 'काय पाहिलं?' हे शेवटी विचारतो. आधी विचारतो, जेवणाआधी की नंतर? एकदाच, की पुढच्या वर्षीही? चालती चांदणी मावळतीकडून उगवतीकडे गेली, की उत्तर-दक्षिण? उत्तर-दक्षिण म्हणाले तर एको-2 चा संशय घ्यायचा, कारण तो जवळजवळ ध्रुवांवरून फिरायचा. पहिला एको तसा नव्हता.

नाव चुकलं म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. 'स्पुटनिक' हे पहिलं ऐकलेलं नाव. नंतरच्या प्रत्येक चालत्या चांदणीला तेच चिकटलं असणार, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो. मला तर या चुकीतच जास्त रस आहे.

तुमच्या घरी कुणी असं सांगणारं असेल तर हे तीन प्रश्न विचारून बघा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. वेळ मात्र घड्याळात विचारू नका. जेवण, दिवाबत्ती, गुरं बांधणं, यांवरून विचारा.