नळदुर्गचा वाटाड्या

पावसाळ्यांत बोरी नदी भरली म्हणजे नळदुर्ग किल्ल्यांतील पाणीमहालावरून 'नर' आणि 'मादी' या नांवांच्या दोन धारा कोसळूं लागतात, आणि त्या पाहण्यासाठीं प्रवाशांची रीघ लागते. अशा वेळीं किल्ला दाखविणाऱ्या वाटाड्याचें काम सोपें असतें. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत नदीला बांध घालून त्याच्या पोटांत महाल कसा बांधला, माथ्यावरून पाणी पडत असतां आंत बसणारा कोरडा कसा राहतो, एवढें सांगितलें कीं मंडळी प्रसन्न होतात. परंतु त्याच बोरीवरील पुलाची हकीकत सांगण्याची वेळ आली म्हणजे वाटाड्याची खरी कसोटी लागते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराकडून हैदराबाद संस्थानांत शिरलें. पहिली लढाई नळदुर्गाशींच झाली. सातव्या ब्रिगेडनें बोरीवरील पूल शाबूत हस्तगत केला आणि निजामाच्या पायदळाची फळी मोडली. पांचव्या दिवशीं, म्हणजे १७ सप्टेंबरला, निजामानें हार पत्करली. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

त्यापूर्वींचा काळ या मुलखानें भयांत काढला होता. कासीम रझवी हा लातूरचा वकील; त्याच्या रझाकारांनीं गांवोगांव खंडणी, लूट, जाळपोळ व खून यांचें सत्र मांडलें होतें. निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे याच जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षक होते. हा भाग सांगतांना वाटाड्याचा आवाज चढतो, आणि तो चढावा असाच हा भाग आहे.

पण हकीकत १७ सप्टेंबरला संपत नाहीं. रझाकारांचा जोर मोडल्यावर सुडास आरंभ झाला, आणि ज्यांनीं कधीं हातांत शस्त्र धरलें नव्हतें अशा मुसलमान रयतेवरहि तो उगवला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारनें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांस पाहणीसाठीं पाठविलें. त्यांच्या अंदाजाप्रमाणें कारवाईच्या वेळीं व तिच्यानंतर संस्थानांत किमान २७,००० ते ४०,००० माणसें प्राणांस मुकलीं; त्यांपैकीं १८,००० हून कमी नसतील इतकीं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांतलीं. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला आणि २०१३ सालीं लोकांसमोर आला. त्यांतील 'उस्मानाबाद' म्हणजे आज धाराशिव हें नांव धारण करणारा जिल्हा, आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला लातूर. हे आंकडे अंदाजाचे आहेत, शिरगणतीचे नव्हेत, आणि त्यांवर वाद आहे. हेंहि प्रामाणिक वाटाड्यानें सांगितलें पाहिजे. त्याच अहवालांत मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठीं उभ्या राहिलेल्या हिंदु विणकरांचीहि नोंद आहे. अशा रक्षणापायीं कांहींनीं आपले प्राणहि गमावले.

या दोन भागांपैकीं एकच सांगणें सोयीचें असतें. टाळ्याहि त्यालाच पडतात. परंतु ऐकणाऱ्यांच्या घोळक्यांत रझाकारांनीं ज्याचें घर जाळलें त्याचा नातू असूं शकतो, आणि सुडांत जिनें बाप गमावला तिची नातहि असूं शकते. अर्धी हकीकत सांगितल्यास त्यांपैकीं एकाच्या दुःखास खोटें ठरविल्यासारखें होतें. एका अत्याचारानें दुसरा फिटत नाहीं, म्हणून दोन्ही आपापल्या तारखांसह सांगावे लागतात.

इतरत्रहि हा प्रश्न उभा राहिला आहे. पोलंडांतील औश्वित्झच्या छळछावणीचें १९४७ सालीं संग्रहालय झालें, तेव्हां तेथील पूर्वींच्या बंदिवानांनींच पाहुण्यांना ती जागा दाखविण्यास आरंभ केला. जपानांतील हिरोशिमा शहरानें २०१२ पासून बाँबहल्ल्यांतून वांचलेल्यांची साक्ष पुढें सांगणारी माणसें तयार करण्याचा उपक्रम चालविला आहे, कारण साक्षीदार एकेक करून निघून जात आहेत. धाराशिव जिल्ह्यांतहि १९४८ चा सप्टेंबर जाणत्या वयांत पाहिलेलीं माणसें आतां नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्या पश्चात वाटाड्याचे शब्द हीच पुष्कळांना मिळणारी पहिली माहिती ठरेल. म्हणून कागदावरून काय कळलें आणि कानोकानीं काय आलें, हें त्यानें वेगळें करून सांगितलें पाहिजे.

पाणीमहालाच्या धारांपाशीं प्रवासी आपण होऊन थांबतात. पुलाची हकीकत ऐकण्यासाठीं मात्र त्यांना थांबवावें लागतें, आणि तेंच वाटाड्याचें काम आहे.