प्रसाविका शिक्षणातील ऑनलाइन आणि मिश्र पद्धत

प्रसूतिशास्त्र हा हाताने शिकण्याचा विषय आहे. गर्भवतीच्या पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कोणत्या बाजूस आहे हे ओळखणे, कळा मोजणे, वार पूर्ण पडली की नाही हे तपासणे ही कौशल्ये पुस्तक वाचून येत नाहीत. त्यामुळे प्रसाविकांचे शिक्षण संगणक किंवा मोबाइलवरून देण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा तिच्याकडे साशंकतेने पाहिले गेले. गेल्या दोन दशकांत या शंकेचे उत्तर बरेचसे स्पष्ट झाले आहे. या शिक्षणाचा काही भाग पडद्यावरून वर्गापेक्षाही चांगला शिकवता येतो. काही भाग मात्र प्रसूतिकक्षाबाहेर शिकवताच येत नाही. दोहोंची सांगड घालणाऱ्या पद्धतीस मिश्र शिक्षण म्हटले जाते.

अशा पद्धतीची गरज आकड्यांवरून ध्यानात येते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी व अन्य संस्थांच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ९ लाख प्रसाविकांची कमतरता होती. भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००४-०६ मध्ये २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत खाली आले. हे प्रमाण आणखी घटवण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोंदणीकृत परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण योजले. खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. स्वतः नियमितपणे प्रसूती करणारे आणि शिकवूही शकणारे शिक्षक मोजकेच असतात. शिवाय प्रशिक्षणार्थी परिचारिका नोकरीत असतात. एक जण बाहेर पडली, तरी लहान रुग्णालयाची पाळी कोलमडते.

नोकरीतील परिचारिकांना दूरस्थ पद्धतीने शिकवण्याचा प्रयोग भारतात इंटरनेटच्या प्रसारापूर्वीच झाला होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये नोंदणीकृत परिचारिकांसाठी पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात छापील पाठ घरी आणि प्रात्यक्षिके अभ्यासकेंद्रावर, अशी विभागणी होती. केनियामध्ये २००५ पासून आम्रेफ या संस्थेने तेथील परिचर्या परिषदेसह हाच मार्ग संगणकावर नेला. परिचारिकांनी नोकरी न सोडता आपल्याच भागात पाठ पूर्ण करावेत आणि प्रत्यक्ष सराव रुग्णालयात करावा, अशी ती रचना होती.

पडद्यावर उत्तम शिकवता येणारी गोष्ट म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, अर्थात पार्टोग्राफ. गर्भाशयाचे मुख किती उघडले, बाळाच्या हृदयाचे ठोके किती, कळा किती वेळाने येतात या नोंदी त्यावर वेळेनुसार भरायच्या असतात. प्रसूती रेंगाळत आहे हे त्यावरून वेळीच कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या आलेखाची नवी आवृत्ती आणली. तीत प्रसूतीची सक्रिय अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरली आहे. पूर्वी ४ सेंटिमीटर शिकलेल्या हजारो परिचारिकांना हा बदल समजावण्यास ऑनलाइन पाठ सोयीचा ठरतो. दहा काल्पनिक रुग्णांचे आलेख भरून घ्यावेत, चूक तेथेच दाखवावी आणि पुन्हा भरून घ्यावेत, हे वर्गात एका शिक्षिकेला जमणे कठीण असते.

याउलट उदाहरण रक्तस्रावाचे. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेल्यास तो धोकादायक मानला जात आला आहे. पण हे प्रमाण डोळ्यांनी ओळखायचे कसे? बेळगाव येथील अभ्यासाचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या दृष्टीने बोलके आहेत. नजरेने केलेला अंदाज, मापे आखलेल्या पिशवीत गोळा झालेल्या रक्तापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. चादरीत, कापसात, जमिनीवर पसरलेले रक्त चित्रफितीत पाहून ही नजर तयार होत नाही. मापाची पिशवी कशी लावावी, ती कधी वाचावी आणि त्याच वेळी गर्भाशय चोळण्यास हात कसा मोकळा ठेवावा, हे आधी प्रतिकृतीवर आणि मग अनुभवी प्रसाविकेच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

मोबाइलवरील शिक्षणाची काटेकोर तपासणी इथिओपियात झाली. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या सेफ डिलिव्हरी अॅपमध्ये प्रसूतीतील गुंतागुंतींवर सचित्र चित्रफिती आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटशिवाय चालते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते वापरणाऱ्या आरोग्यसेविकांचे ज्ञान व कौशल्य वाढल्याचे आढळले. नवजात व गर्भस्थ मृत्यूंत दिसलेली घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि परिचर्या महाविद्यालयांचे वर्ग रातोरात मोबाइलवर गेले. व्याख्याने चालू राहिली, पण विद्यार्थिनींना प्रसूतिकक्ष मिळेना. त्या काळातील तातडीच्या सोयीला मिश्र शिक्षण म्हणणे योग्य नाही, कारण त्यातला दुसरा अर्धा भागच नव्हता. आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघाच्या शैक्षणिक निकषांत किमान निम्मा अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाचा असावा, अशी अपेक्षा आहे. युरोपीय संघाच्या नियमांत तर विद्यार्थिनीने स्वतः किमान ४० प्रसूती करणे आवश्यक आहे. पुरेशा प्रसूती उपलब्ध नसल्यास ही संख्या ३० पर्यंत आणता येते, परंतु मग आणखी २० प्रसूतींमध्ये साहाय्य करावे लागते. ऑनलाइन तासांनी या संख्येची भरपाई होत नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच व्यावहारिक आहे. तयार ऑनलाइन साहित्याचा मोठा भाग इंग्रजीत असतो, तर महाराष्ट्रातील अनेक सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका मराठी माध्यमातून शिकून आलेल्या असतात. चित्रफितीवर मराठी आवाज चढवला, तरी कळा, वार, नाळ, बाळंतीण हे रोजचे शब्द सोडून जड पारिभाषिक शब्द वापरले गेल्यास पाठ पुन्हा परकाच राहतो.