विलायतेत खोली भाड्याने घेताना

इंग्लंडमध्ये खोली भाड्याने द्यायची तर येणाऱ्या माणसाला या देशात राहायचा हक्क आहे की नाही, हे घरमालकाने आधी तपासायचं असतं. १ फेब्रुवारी २०१६ पासून हा नियम सगळ्या इंग्लंडला लागू झाला. मी लंडनमधल्या हॅरोत राहते. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून माडीवरची खोली विद्यार्थ्यांना देते, म्हणून हे काम माझ्याही गळ्यात आलं. येणारी मुलं बहुतेक आपल्याकडचीच, कुणी नाशिकचा, कुणी इचलकरंजीची. ‘काकू, कोड पाठवलाय’ असा मेसेज येतो. नऊ अक्षरांचा कोड. तो आणि मुलाची जन्मतारीख सरकारी संकेतस्थळावर भरली, की त्याचा फोटो आणि व्हिसाची मुदत समोर येते. फोटोतला चेहरा आणि समोर उभा असलेला चेहरा एकच आहे ना, हे मी निरखून बघायचं. मग ते पान तारीख घालून जपून ठेवायचं, मूल खोली सोडून गेल्यावरही वर्षभर. ज्याला राहायचा हक्क नाही असा माणूस न तपासता ठेवला, तर पहिल्या चुकीलाच दंड आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो घरातली खोली देणाऱ्याला माणशी ५ हजार पौंडांपर्यंत, स्वतंत्र घर देणाऱ्याला १० हजारांपर्यंत.

दूर देशातून आलेल्या पोराला चहा विचारायच्या आधी त्याचा चेहरा पडद्यावरच्या फोटोशी ताडून बघायचा, हे मला मनापासून नकोसं वाटतं. या शहरात आपल्या माणसांनी खोल्या कशा मिळवल्या, हे ठाऊक असल्यामुळे तर जास्तच.

१९०५ साली श्यामजी कृष्ण वर्मांनी हायगेटमध्ये इंडिया हाउस काढलं. त्याचं नाव आपल्याला सावरकरांमुळे आणि क्रांतिकारकांमुळे ठाऊक आहे, पण ते मुळात हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. काळ्या माणसाला खोली द्यायला इंग्रज घरमालकिणी नाखूश असत, म्हणून त्याची गरज पडली. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि परकीय पाहुण्यांची नोंद ठेवायची सक्ती हॉटेलवाल्यांवर, लॉजिंगवाल्यांवर आली. कायद्याच्या लेखी हिंदी माणूस मात्र परकीय नव्हता. तो बादशहाचा प्रजाजन. कुठलाही कागद न दाखवता त्याला लंडनमध्ये राहता येत होतं. अडचण होती ती दार उघडणाऱ्या बाईची.

१९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आपल्याकडचे पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते आणि बडोद्याची हकिकतही सांगते. अमेरिका-इंग्लंडात शिकून १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा महार म्हणून त्यांना कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावं लागलं, आणि ते उघडकीला आल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे. तेव्हा जागा नाकारायची कला इंग्रजांनी आपल्याला शिकवली, असं मला म्हणता येत नाही.

माझे सासरे कोल्हापूरचे. १९६४ साली मजूर खात्याचं व्हाउचर घेऊन ते लंडनला आले. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना ते लागायचं. ते एकदा विमानतळावर दाखवलं की पुढे कुणी विचारत नसे. पण विल्सडेनमधल्या दुकानांच्या काचेवर खोल्यांच्या जाहिरातींची कार्डं लावलेली असत आणि त्यांतल्या कित्येकांवर खाली लिहिलेलं असे, काळ्यांना नाही. ज्यांवर तसं लिहिलेलं नसे, तिथे मामंजी फोन करत. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, आवाजही भारदस्त. ‘हो, या की’, असं उत्तर मिळायचं. अर्ध्या तासाने दारात उभे राहिले, की खोली नुकतीच गेलेली असायची. शेवटी एक पंजाबी आणि एक गुजराती मित्र मिळून तिघांनी पैसे गोळा केले आणि घरच विकत घेतलं. त्या काळी कितीतरी हिंदी आणि जमैकन कुटुंबांनी हीच वाट धरली.

१९६५ चा वंशभेदविरोधी कायदा हॉटेलं, पब अशा जागांपुरता होता. घरं त्यात नव्हती. मग संशोधकांनी एकाच खोलीसाठी तीन माणसं पाठवून बघितली: एक इंग्रज, एक हंगेरियन, एक वेस्ट इंडियन. हंगेरियनही परदेशीच होता, पण त्याला फारशी अडचण आली नाही. वेस्ट इंडियन माणसाला बहुतेक दारांवरून परत जावं लागलं. असे पुरावे समोर आले, तेव्हा कुठे १९६८ च्या कायद्यात घरं आली. त्यातही स्वतःच्या लहान घरात राहून खोली देणाऱ्याला सूट होती. आपल्या छपराखाली कुणाला घ्यायचं हा त्याचा खाजगी प्रश्न, असं तेव्हा सरकारनेच मानलं. म्हणजे माझ्यासारखीच्या घरात भेदभाव थांबवायला तेव्हा सरकार आलं नाही, आणि व्हिसा तपासून घ्यायला मात्र आता आलं. ही गोष्ट मला फार लागते.

बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये १९६० च्या दशकात मार्शल स्ट्रीटवरची रिकामी घरं नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यावीत, अशी मागणी झाली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स मुद्दाम ती गल्ली बघायला गेले. भाडेकरूंच्या तपासणीची चाचणी १ डिसेंबर २०१४ ला जिथे सुरू झाली, त्या पाच भागांतला एक सँडवेल. स्मेथिक सँडवेलमध्येच येतं.

बेकायदा राहणाऱ्यांचं जगणं अवघड करायचं, हे गृहमंत्री थेरेसा मे यांचं उघड धोरण होतं. त्यातून या तपासणीचा २०१४ चा कायदा झाला. पण घरमालकाला काय दिसतं? दोन अर्जदार, एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट, दुसऱ्याकडे न समजणारी कागदपत्रं, आणि डोक्यावर दंडाची तलवार. तो सोपा माणूस निवडतो. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने २०१७ साली घरमालकांना विचारलं, तेव्हा ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्याला घर देण्याची शक्यता आता कमी, असं ४२ टक्क्यांनी सांगितलं. त्यात फटका इथल्याच लोकांना बसला. १९७३ च्या आधी रीतसर आलेले, पण कधी पासपोर्ट न काढलेले कॅरिबियन म्हातारे ‘कागद दाखवा’ म्हटल्यावर नोकऱ्यांना आणि घरांना मुकले. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं गृहखात्याने २०१० साली नष्ट केली होती. २०१८ मध्ये हे प्रकरण गाजलं तेव्हा मामंजींचा जुना पासपोर्ट मी कपाटातून काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला.

मार्च २०१९ मध्ये हायकोर्टाने भाडेकरूंच्या तपासणीची ही योजना मानवी हक्कांच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. वर्षभराने अपील कोर्टाने तो फिरवला. योजनेमुळे काही प्रमाणात भेदभाव होतो हे त्यांनीही मान्य केलं, पण सरकारचा हेतू पाहता तो समर्थनीय ठरवला.

पूर्वी मुलांकडे निदान हातात धरायला राहण्याच्या परवान्याचं गुलाबी कार्ड असायचं. आता तेही गेलं, सगळं ऑनलाइन. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या सांगलीच्या मुलीला एका एजंटाने दोनदा परत पाठवलं होतं, कारण तिच्या ऑनलाइन व्हिसा खात्यात जुन्या पासपोर्टचा नंबर होता. पोरगी फी भरलेली, व्हिसा रीतसर, आणि रात्री मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती. गृहखात्याकडे चौकशी करून दोन कामाच्या दिवसांत उत्तर मागवण्याची सोय घरमालकांना काही प्रकरणांत आहे, पण एजंट सहसा तेवढाही थांबत नाही.

माझा भाचा ग्लासगोत शिकतो. व्हिसा तोच, देणारं गृहखातं तेच. त्याच्या घरमालकिणीने कोड मागितला नाही, कारण हा नियम स्कॉटलंडमध्ये कधी लागूच केलेला नाही. तिने फक्त विचारलं, पियानोचा आवाज चालेल ना.