सँडोची डंबेल्स आणि औंधचे नमस्कार

गोंदियाच्या तांदूळ गिरणीत पोती वाहणाऱ्या हमालाची पाठ ज्याने पाहिली आहे, त्याला स्नायू म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पण तो पोटासाठी श्रमतो. हौसेने शरीर घडविणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यापाशी दिवसाकाठी एक तास असतो. तो तालमीत घालवावा की आरशांच्या जिममध्ये, हे तरुण मंडळी आम्हांस वारंवार विचारतात. श्रोतेहो, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजपुत्रालाही पडला होता.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. त्याच्या बारा वर्षे आधी, १८९७ मध्ये, त्यांनी युजीन सँडो याची साधने व पुस्तके मिळविली आणि तब्बल दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. हा सँडो कोनिग्सबर्गचा, जन्म १८६७ चा. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली, आणि १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. हलकी डंबेल्स घ्यावीत, एकेका स्नायूवर मन एकाग्र करावे, असा त्याचा उपदेश. आरशासमोर व्यायाम करावा, हेही त्याचेच सांगणे. तेव्हा आरसा हे आजचे खूळ आहे असे कोणी म्हणू नये!

पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यावरून भवानराव सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचेच प्रचारक राहिले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. १९३८ साली लंडनहून त्यांचे 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक निघाले.

ही कथा स्वदेशीचा विजय म्हणून सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस ती पटत नाही. निरुपयोगी वस्तूला कोणी दहा वर्षे देत नाही. शिवाय नमस्कार मोजून, क्रमाने, नित्य घालण्याची जी शिस्त राजेसाहेबांनी लावली, तिच्यात त्या दहा वर्षांच्या सवयीचा वाटा असावा, असे आमचे मत आहे.

आपल्या विदर्भाचा अनुभवही हेच सांगतो. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस जी व्यायामशाळा काढली, तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आली. तिचा चमू १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेला आणि तेथे त्याने देशी खेळांचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याच वर्षी बडोद्यास 'व्यायामज्ञानकोश' निघू लागला. त्याचे दहा खंड १९४९ पर्यंत पुरे झाले. आपले जुने ज्ञान जगापुढे मांडताना ही माणसे बाहेरचे पाहावयासही कचरली नाहीत.

मग भेद कोठे आहे? जोर-बैठकांत ओझे आपल्याच देहाचे. ते फारसे वाढत नाही, म्हणून संख्या वाढवावयाची. दमसास वाढतो, चिवटपणा येतो. कुस्तीला तेच हवे. लोखंडात संख्या थोडी ठेवून वजन वाढवितात. डॉ. डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी अमेरिकन सैनिकांचे दुबळे पाय याच रीतीने सुधारले आणि १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. पण वाढत्या ओझ्याचे हे तत्त्व आपल्या आखाड्यात नव्हते काय? दगडी नाल, गदा, करेल्या ही सारी त्याचीच साधने. हलक्यापासून जडापर्यंत चढत जावयाचे. आजचे संशोधन तर सांगते की, स्नायू थकण्याच्या बेतापर्यंत श्रम झाले, तर हलक्या वजनानेही ते जवळजवळ तितकेच भरतात. निव्वळ जोर वाढवावयाचा तर मात्र जड वजनच लागते.

तालमीत दोष नव्हते असे नाही. आम्हांला लहानपणी एका वस्तादांनी पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढावयास लावल्या. चार दिवस जिना उतरवेना, आणि पाचव्या दिवशी आम्ही तालमीची वाट सोडली. नवशिक्याला हळूहळू चढवावे, मध्ये विसावा द्यावा, ही गोष्ट तेथे वस्तादाच्या मर्जीवर होती. जिममध्येही ती चुकते. फक्त तेथे मर्जी शेजारच्या दांडग्या तरुणाची असते.

परवा येथल्याच एका मुलाने विचारले, "सर, मग मी उद्या काय करू?" आम्ही म्हटले, वीस जोर निघतात का पाहा, आणि येताना एक वही घेऊन ये.